लियानचा प्रश्न

मी जावा बेटावरच्या लासेम गावातल्या मदरशातला जुना ग्रंथ बोलतोय. वय विचारू नका. पानं पिवळी पडलीत, त्यावरून काय ते समजा. माणसं एकत्र का राहतात, राज्यं का उभी राहतात नि का ढासळतात, याचा जुन्या पंडितांनी केलेला विचार इथल्या एका मौलवींनी माझ्यात बोरूनं उतरवला. पुढे किती विद्यार्थ्यांनी समासात टिपा लिहिल्या! मग मात्र कपाटच माझं घर झालं. वाळवीशिवाय कुणी विचारीना.

मौलवींची पणती नफिसा गावातल्या शाळेत शिकवते. वर्गात मुसलमान, चिनी, ख्रिस्ती, सगळी मुलं. एके सकाळी तिनं मला उचललं, तसा मदरसा चालवणारा तिचा भाऊ हमदून आडवा आला.

"नफे, पणजोबांचा ग्रंथ पोरांच्या तेलकट हातात देणार?"

"दादा, वाळवी काय हात धुऊन येते?"

वर्गात तिनं माझ्यातलं वाचलं: माणूस कितीही बळकट असो, एकट्यानं पोट भरू शकत नाही. फाळ घडवणारा लोहार, पेरणारा, कांडणारी, शिजवणारी, तेव्हा कुठं एक घास तोंडात जातो.

बाटिकचं नक्षीदार कापड रंगवणाऱ्या चिनी घरातली लियान उठली.

"बाई, आणि त्या लोहारालाच गावातून हाकललं तर?"

"असं का गं विचारतेस?"

"आजोबांचं दुसऱ्या शहरात दुकान होतं. चिनी म्हणून जाळलं. जाळणारे आमच्याकडूनच कापड न्यायचे."

नफिसानं पेन्सिल घेतली नि तो प्रश्न माझ्या समासात लिहिला, खाली लियानचं नाव.

संध्याकाळी हमदून भडकला. "थोरामोठ्यांच्या टिपांशेजारी पोरीच्या रेघोट्या!"

खोडरबर घेऊन बसला. प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. खोडरबर खाली ठेवला.

"नफे," तो हळूच म्हणाला, "एवढ्या टिपा, पण हे कुणीच विचारलं नाही गं."

दुसऱ्या दिवशी मदरशात त्यानं तोच प्रश्न मुलांपुढे ठेवला. मग मला काखेत मारून गल्लीपलीकडे लियानच्या दारात उभा राहिला. वीस वर्षांचा शेजार, पण तो उंबरा त्यानं कधी ओलांडला नव्हता.

लियानच्या म्हाताऱ्या आजोबांनी त्याला न्याहाळलं. "उशीर केलात," ते म्हणाले. "बसा. चहा घ्या."

हल्ली मी शाळा नि मदरसा असे हेलपाटे घालतो. शिवण उसवलीय, फार दिवस काढीन असं वाटत नाही. पण मला जपायचं म्हणून पुन्हा कुलपात घालू नका. हाताळून फाटलो, तर फाटू द्या.