मिक्सर बंद!

मित्रांनो, ज्या घरात माझे आयुष्य गेले त्याच घरात माझ्यावर एकदा आळ आला. मी बंद असतानाही एका लहान मुलीला छळतो, असा तो आळ होता. तेव्हा मला बाजू मांडता आली नाही. आज सगळे पहिल्यापासून सांगतो. मी एक जुना मिक्सर आहे. माझे पांढरे अंग पिवळट पडले आहे आणि बटणाभोवतीचे आकडे बोटांनी पुसून गेले आहेत.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली गेली, तळाला रबरी पाय बसले. शेवटच्या टेबलावरच्या बाईने मला रिकामाच फिरवला आणि कान लावून ऐकले. "हा चांगला बोलतो," ती शेजारणीला म्हणाली. ते वाक्य मी जपून ठेवले आहे, कारण पुढे माझ्या बोलण्याचे कौतुक फारसे कुणी केले नाही.

मी ज्या घरी आलो तिथली आई चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचे, "आधी बरं की आता बरं?" ही सवय तिला घरीही सुटत नाही. भाजीत मीठ घातले तरी ती बाबांना तेच विचारते. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. मोटार आणि भांडे यांना जोडणारा माझा रबरी दातेरी तुकडा त्यांनी इतक्यांदा बदलला आहे, की ते म्हणतात, "हा आता कंपनीचा राहिला नाही, माझा झालाय."

आणि भुंगी. तिचे खरे नाव वेगळे आहे, पण ती दिवसभर ओठ मिटून गुणगुणते, म्हणून भुंगी. घरात घुमणारे आम्ही दोघेच. भुंगीला ऑटिझम आहे. तिच्याजवळ शब्द थोडे आहेत आणि ते ती आपल्या पद्धतीने वापरते. घराबाहेर जायचे असेल तर ती "चप्पल" म्हणते. झोप आली तर "दिवा". आवाज तिला टोचतात. माझे बटण फिरले की ती कानांवर हात दाबून पळत सुटे. म्हणून ती शाळेत गेल्यावरच मला कामाला लावत.

ती खायची फक्त पांढरे. भात, पाव, दूध, केळे, उकडलेला बटाटा. बटाट्यावर एक तपकिरी ठिपका दिसला तरी ताटली दूर. आईचा जीव टांगणीला लागला होता. मग तिने मला हाताशी धरले. ती गाजर नाहीतर भोपळा वाफवायची, मी तो लोण्यासारखा मऊ करायचो, आणि ती चमचाभर भातात बेमालूम कालवायची. काही दिवस खपले. मग एका दुपारी भुंगीने घास जिभेवर फिरवला, थांबली, आणि बाहेर काढून ताटलीच्या कडेला ठेवला. त्या दिवसापासून भातही गेला.

त्यातच आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. जीव लावणारी आणि डोके खाणारी.

"अगं, सगळं पोटातून असतं," ती ओट्याला टेकून आईला म्हणाली. "गहू बंद कर, दूध बंद कर. आमच्या फोनवरच्या ग्रुपमधल्या एका बाईचा मुलगा महिन्यात बोलायला लागला."

"ताई, मग हिने खायचं काय? हवा?"

"मार टोमणे. पण करून तर बघ. मी काय तिचं वाईट चिंतते?"

आईने करून पाहिले. आपले मूल बोलेल असे कुणी सांगितले, तर कुठली आई करून पाहणार नाही? पाव गेला, दूध गेले. उरले केळे आणि बटाटा. भुंगीचे फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले.

आणि मग ते सुरू झाले. भुंगी स्वयंपाकघरात यायची, स्टुलाच्या कडेवर पोट दाबून ओणवी व्हायची आणि किंचाळायची, "मिक्सर बंद! मिक्सर बंद!"

मित्रांनो, मी बंदच असायचो. आई धावत येऊन माझी वायर तिच्यापुढे धरायची. "हे बघ राजा, बंद आहे. पिनसुद्धा काढली."

"मिक्सर बंद!" ती आपलेच मनगट चावायची. वळ उठत.

शाळेतल्या बाईंचा फोन आला. वर्गातही ती तसेच ओरडते, बहुधा पंख्याच्या आवाजाला घाबरते, असे त्या म्हणाल्या. बाईंनी पंखा बंद करून पाहिला. सगळी मुले घामाघूम झाली, भुंगी ओरडतच राहिली. तिचे असेच चालू राहिले तर तिला वर्गात ठेवणे कठीण होईल, हेही बाईंनी हळूच सांगितले.

"मी सांगते, आधी हा राक्षस नजरेआड करा," आत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"राक्षस काय गं? कालच दुरुस्त केलाय त्याला," बाबा म्हणाले. पण लेकीच्या मनगटाकडे पाहून त्यांनीच मला जुन्या टॉवेलात गुंडाळले आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवले.

तिथे मला क्षणभर चैन नव्हती. फिरण्यासाठी घडवलेल्या वस्तूला नुसते बसवून ठेवले, की वेळ संपता संपत नाही. आणि खालून काय ऐकू यावे? "मिक्सर बंद!" तोच आवाज, तीच किंचाळी. मी माळ्यावर, टॉवेलात, वायर गुंडाळलेली. अहो, मी नाही! मी नाही तो! पण वीज नसली की मी मुका. कोणी समजून घेईना म्हणून भुंगी मनगट चावत होती. मला तर चावायला मनगटही नव्हते.

एका दुपारी आई दुकानातून लवकर आली. आत्या भुंगीला सांभाळत बसली होती. आईने पर्स ठेवली तोच किंचाळी आली. आई स्वयंपाकघरात धावली. भुंगी स्टुलावर ओणवी होती. आईचा हात सवयीने ओट्याच्या कोपऱ्याकडे गेला, माझी वायर शोधत. कोपरा रिकामा. माझ्या रबरी पायांचे चार काळे ठसे तेवढे तिथे होते.

"ताई," आई म्हणाली, "मिक्सर तर इथे नाहीच."

"नाहीच की! आपणच नाही का वर टाकला?"

"मग ही काय बंद करायला सांगते?"

आई फरशीवर बसली. तिने भुंगीचा हात हलकेच धरून तिच्याच कानावर ठेवला. आवाज अगदी दुकानातला, शांत.

"मिक्सर इथे?"

मग तोच हात पोटावर ठेवला.

"की इथे?"

भुंगीचे गुणगुणणे थांबले. तिने आईचा तळवा दोन्ही हातांनी पकडला आणि स्वतःच्या पोटावर असा दाबला, की आईची बांगडी तिच्या अंगात रुतली. पोट फळीसारखे घट्ट होते आणि आत काहीतरी गुरगुरत होते.

"मिक्सर," भुंगी म्हणाली. अगदी हळू. "मिक्सर बंद."

"ताई," आईने वर पाहिले, "मिक्सर हिच्या पोटात आहे."

दोघी तिला घेऊन तशाच दवाखान्यात गेल्या. संध्याकाळी बाबा आल्यावर आईने जे सांगितले, ते मी माळ्यावरून ऐकले. भुंगीच्या पोटात शौच साठून घट्ट झाले होते. बाजूने थोडे थोडे पातळ निघत होते, कपड्याला लागत होते, म्हणून घरच्यांना वाटले पोट साफ आहे आणि कपडे खराब करणे ही तिची वाईट सवय आहे. दुखते म्हणून ती रोखून धरायची, आणि रोखल्याने आणखी दुखायचे. डॉक्टरांनी शौच मऊ करणारे औषध दिले, पाणी वाढवायला सांगितले, जेवणानंतर पायांखाली पाट देऊन शौचाला बसवायला सांगितले.

"आणि गहू, दूध?" बाबांनी विचारले.

"आपल्या मनाने काही बंद करायचं नाही, म्हणाले. इतकं कमी खाणाऱ्या मुलीचं आणखी काढून घेऊ नका. कशाचा त्रास होतोय असं वाटलं तर त्यांना विचारून, तपासून, एकेक करून बघायचं. आणि म्हणाले, ऑटिझम हा काही पोटाचा आजार नव्हे. पण पोट दुखलं तर हिलाही आपल्याइतकंच दुखतं."

आत्या ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. मग म्हणाली, "म्हणजे महिन्यात बोलायला लागणार नाही का गं ती?"

"ताई," आई म्हणाली, "ती बोलतच होती."

मित्रांनो, माझ्यावरचा आळ त्या वाक्याने गेला.

सगळे लगेच सुरळीत झाले असे मात्र नाही. औषध पाजताना रोज युद्ध. कधी चांगला दिवस, मग पुन्हा किंचाळी. पण आता किंचाळी ऐकली की कोणी माझ्याकडे बोट दाखवत नसे. आई तिचे पोट चोळायची, बाबा पाट सरकवायचे. पाव परत आला, दूध परत आले. मनगटावरचे वळ फिके झाले.

मग बाबांनी मला खाली काढले. लिफ्टच्या कामातून उरलेल्या जाड रबराचे तुकडे माझ्या पायांखाली चिकटवले, माझा आवाज बराच खाली आला. भुंगीच्या कानांवर त्यांनी कामावरची मोठी कानझाकणे चढवली. ती नाकापर्यंत घसरली. आईने तिच्यासमोर गाजर धरले, तिच्या डोळ्यांदेखत कापले, वाफवले आणि माझ्या भांड्यात टाकले. या घरात आता भातात काही लपवायचे नाही, असे ठरले होते.

"आता आवाज होईल," आई म्हणाली. "बटण तू फिरवतेस का?"

भुंगी बराच वेळ बटणाकडे बघत राहिली. मग तिने ते फिरवले. मी घुमलो. ती दचकली, पण पळाली नाही.

"मिक्सर बंद," ती म्हणाली, आणि तिनेच बटण उलटे फिरवले.

मी थांबलो. इतके दिवस ती हेच मागत होती. आज तिने म्हटले आणि ते झाले.

गाजर तिने खाल्ले नाही. बोट बुडवले, केशरी बोट निरखले आणि आत्याच्या बाहीला पुसले. "घ्या! नवी ओढणी वाचली, बाहीचा बळी गेला," आत्या म्हणाली, पण हात काढून घेतला नाही. चाटायला भुंगीने पुढे बराच काळ घेतला. आता ती कधी चाटते, कधी नाही. पोट दुखले तर अजूनही "मिक्सर"च म्हणते. घरात कोणी तो शब्द सुधारला नाही. परवा बाबाच जास्त जेवले आणि म्हणाले, "माझा मिक्सर चालू झालाय."

माझे पाते आता बोथट झाले आहे, अंग लवकर तापते. मला धुवा, पुसा, मधूनमधून थंड होऊ द्या, एवढेच माझे मागणे. पण ओट्यावर बसल्या बसल्या मला अजून अस्वस्थ वाटते. कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी वर्गात एखादे मूल पंखा बंद, दार बंद, दिवा बंद असे ओरडत असेल आणि मोठी माणसे पंखा, दार, दिवा तपासत असतील. मित्रांनो, ते तुमच्या शेजारच्या बाकावर असेल, तर वस्तूकडे बघू नका. त्याच्याजवळ बसा. त्याचा हात धरा आणि विचारा, "इथे? की इथे?"