समोरची भिंत

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. डोळे तपासायचा. वर एक मोठे अक्षर, खाली दोन, मग तीन, अशा बारीक होत जाणाऱ्या आठ ओळी माझ्या अंगावर आहेत. तुमच्यापैकी कोणी चष्मा लावत असेल, तर माझ्या एखाद्या भावंडाशी त्याची गाठ पडली असेलच. पण मी त्यांच्यापेक्षा वेगळा आहे. माझी सगळी अक्षरे उलटी आहेत. नुसते पाहाल तर म्हणाल, हा रंगवणारा शुद्धीवर नव्हता. आरशात पाहाल तर घडाघडा वाचाल.

मला एका पेंटरने रंगवले. दुकानांच्या सरळ पाट्या रंगवण्यात त्याचे केस पांढरे झाले होते. उलटा 'ख' काढताना बिचाऱ्याला घाम फुटला. एकेक अक्षर झाले की तो दाढीचा आरसा माझ्यासमोर धरून बघायचा. "अहो, हे काय आरंभलंय? लोक हसतील," असे त्याची बायको म्हणाली. "हसू देत. आरशात नीट दिसलं म्हणजे झालं," असे म्हणून त्याने पुढचे अक्षर घेतले.

मी उलटा असण्याचे कारण साधे होते. डोळे तपासताना माणूस आणि अक्षरे यांच्यात वीस फूट अंतर लागते. आमचे दुकान होते दहा फुटांचे. म्हणून मालकांच्या वडिलांनी युक्ती केली. गिऱ्हाइकाची खुर्ची एका भिंतीला लावली, खुर्चीच्या डोक्यावर मला टांगले आणि समोरच्या भिंतीला आरसा बसवला. माझ्यापासून आरशापर्यंत दहा फूट, आरशापासून गिऱ्हाइकापर्यंत दहा फूट. झाले वीस. मुलाला त्यांनी हा धडा एका वाक्यात शिकवला, "तक्ता खुर्चीवर, आरसा समोरच्या भिंतीला." वडील गेले, मुलगा मालक झाला, वाक्य तसेच राहिले. त्या वाक्यात दहा फुटांचा उल्लेख नव्हता, आणि त्याची गरज कधी पडली नाही.

तीस वर्षे मी लोकांच्या डोक्यावर बसलो आणि कोणाची तक्रार आली नाही. वरून मला टकले, भोवरे आणि घाईत पाडलेले वाकडे भांग दिसायचे. चेहरे मात्र समोरच्या आरशात. मालक नंबर काढायचे आणि मालकीणबाई पडद्यामागे बसून काचा घासायच्या. चष्मा लावून माणूस उठला की आधी रस्त्याकडे बघायचा आणि मग हसायचा. "तुमच्या तक्त्यासारखा तक्ता नाही हो," असे एकदा एक शिंपी म्हणाला होता. हे मी अजून विसरलेलो नाही.

मग आमची गल्ली सुधारली. सुधारली म्हणजे जुनी दुकाने उठली आणि काचेच्या दारांची नवी आली. घरमालक दर वर्षी भाडे वाढवू लागला. मालकांचे बिऱ्हाड दुकानाच्या वर, दीड खोलीचे. त्यांची लेक बाराव्या वर्षी अजूनही जिन्यात बसून अभ्यास करायची. मालकांच्या मावसभावाने दूरच्या एका लहान गावाबद्दल सांगितले. तिथे याच भाड्यात पुढे दुकान, मागे चार खोल्या आणि अंगण मिळत होते.

"माझी बहीण दोन गल्ल्या सोडून राहते," मालकीणबाई म्हणाल्या. "तिथे माझं कोण आहे?"

"अगं, आपण आहोत ना एकमेकांना. पोरीला स्वतःची खोली मिळेल. तुला काचा घासायला खिडकी मिळेल. इथे काय, श्वाससुद्धा भाड्याने घेतल्यासारखा वाटतो."

बाईंनी हातातली काच पुसून खाली ठेवली. शेवटी म्हणाल्या, "चला. पण एक सांगते. गावोगाव बिऱ्हाड डोक्यावर घेऊन फिरायला मी काही टोपल्या विणणारी नाही. एकदाच." त्यांनी मला जुन्या चादरीत गुंडाळले आणि ट्रकमध्ये गादीच्या आड ठेवले.

नवी जागा पाहून मालक लहान मुलासारखे हरखले. काय ती खोली! दोन मोठ्या खिडक्या, उंच छत, पाय पसरून बसता येईल एवढे बाक. लेकीने आपल्या खोलीचे दार दिवसातून दहा वेळा उघडून लावून पाहिले. सुतार आला तेव्हा मालकांनी त्याला वडिलांचे वाक्य जसेच्या तसे ऐकवले, "तक्ता खुर्चीवर, आरसा समोरच्या भिंतीला." सुताराने खुर्ची एका टोकाला लावली, मला तिच्यावर टांगले आणि दुसऱ्या टोकाच्या भिंतीला आरसा ठोकला. तो पार लांब, अंधुक चौकोन मला दिसला आणि काहीतरी चुकले हे मला कळले. पण तक्त्याला वाचता येते, बोलता येत नाही.

तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आले असेल. ही खोली वीस फुटांची होती. वीस जाताना, वीस येताना. चाळीस फुटांवरून माझी खालची अक्षरे कोणाला दिसणार?

गावात नवा चष्मेवाला आला म्हणून लोक लोटले. धडधाकट माणसे खुर्चीत बसायची आणि पाचव्या ओळीशी अडखळायची. ओळ खाली सरकावी म्हणून मालक नंबर वाढवत जायचे. मालकांना याचे नवल वाटले, पण शंका आली नाही. त्यांच्याकडे उत्तर तयार होते.

"इकडे कोणी कधी डोळे तपासलेच नाहीत," ते जेवताना म्हणायचे. "आपल्याला नीट दिसत नाही, हेच या लोकांना माहीत नाही. बरं झालं आपण आलो."

"पण एवढ्या जाड काचा मी तिकडे वर्षात घासल्या नव्हत्या," बाई म्हणायच्या.

"तिकडचे लोक वेगळे, इकडचे वेगळे."

हे वाक्य ऐकून मला मालकांचा पहिल्यांदा राग आला. ज्या गावाने त्यांना अंगण दिले, त्या गावाला त्यांनी आंधळे ठरवले होते. स्वतः मात्र ते त्या खुर्चीत एकदाही बसले नव्हते. माझी शेवटची ओळ त्यांना तोंडपाठ होती, मग बसायचे कशाला?

एके दिवशी शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर आला. मालकांची लेक त्याच्याच गाडीतून शाळेत जायची. पंधरा वर्षे तो मुलांची ने-आण करत होता आणि गाडीला कधी ओरखडा आला नव्हता. शाळेने यंदा सगळ्या ड्रायव्हरांकडून डोळे तपासल्याची चिठ्ठी मागितली होती. तो खुर्चीत ताठ बसला, चार ओळी म्हणाला आणि थांबला. मालकांनी काच बदलली, पुन्हा बदलली. ओळ काही हलेना.

"काका, मला लांबचं सगळं दिसतं," तो म्हणाला. "पलीकडच्या टेकडीवर बकऱ्या किती आहेत ते इथून सांगतो."

"बकऱ्या वेगळ्या, अक्षरं वेगळी."

"मुलं माझ्या जिवावर गाडीत बसतात. मी खोटं कशाला बोलू?"

"म्हणूनच सांगतोय. माझीही मुलगी बसते त्यात."

ड्रायव्हरने मान खाली घातली. आरशात मला त्याचा चेहरा दिसायला हवा होता, पण एवढ्या लांबून मला तो नीट दिसला नाही. मालकांनी चिठ्ठी लिहिली, 'गाडी चालवण्यास योग्य नाही.' लबाडी त्यांच्या मनात नव्हती. त्यांना लेकीची काळजी होती आणि स्वतःवर विश्वास होता. चिठ्ठी घेऊन जाताना ड्रायव्हर दारात घुटमळला. येताना सहज चढलेल्या तीन पायऱ्या तो कठड्याला धरून उतरला.

महिना गेला, दुसरा गेला. लेकीच्या गाडीवर नवा माणूस आला. थंडी पडू लागली तेव्हा मालकीणबाईंनी दुकानात सतरंजी अंथरायचे ठरवले. टेप घेऊन त्या खुर्चीपासून वाकत वाकत आरशापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"अहो, आपलं जुनं दुकान किती फुटांचं होतं?"

"दहा."

"ही खोली वीस आहे."

मालक खुर्चीत येऊन बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे गिऱ्हाइकासारखे पाहिले. शेवटची ओळ त्यांनी पाठ म्हणून टाकली नाही, वाचायचा प्रयत्न केला. ती त्यांना दिसली नाही. सातवीही दिसली नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले.

तिसऱ्या प्रहरी त्यांनी स्वतःच आरसा उतरवला आणि खोलीच्या मध्यावर एका लाकडी चौकटीत उभा केला. मग दोघे हळू आवाजात बोलू लागले.

"लोकांना सांगायला हवं," मालक म्हणाले.

"सांगून काय होईल? दुकान बसेल. तिकडची जागा गेली, आता परत जायला दारही नाही. पोरगी आत्ता कुठे रमायला लागलीय." बाई टेप गुंडाळू लागल्या. "येईल तसं एकेकाला बोलवा, काच बदलून द्या. कोणाला काय कळतंय?"

मालकांनी 'बरं' म्हणून मान डोलावली. मित्रांनो, त्यांचे हे गप्प बसणे मला आवडले नाही. पण बाईंवर रागावणेही मला जमले नाही. उचलून आणलेले घर पुन्हा उचलायचे, या नुसत्या विचाराने त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

दोन दिवसांनी पोस्टातल्या बाई आल्या. त्यांच्या डोळ्यांवर आमचाच जाड चष्मा होता आणि कपाळाला बाम चोळलेला होता. "रोज डोकं दुखतं हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "तुमचा दोष नाही. माझेच डोळे वाईट. घरी पण म्हणतात, हिला आता पत्ते वाचता येत नाहीत. ही नोकरी सोडावी की काय, असा विचार करतेय."

मालक टेबलावरच्या काचा उगाच इकडच्या तिकडे करू लागले. तेवढ्यात पडद्यामागचे काचा घासायचे चाक थांबले. मालकीणबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"ताई, तुमचे डोळे वाईट नाहीत," त्या म्हणाल्या. "आमची भिंत लांब होती."

मग त्यांनी सगळे सांगितले. टेपने पुन्हा मोजून दाखवले. पोस्टातल्या बाई आधी हसल्या, मग रडल्या, मग चांगल्याच संतापल्या. "म्हणजे मी तीन महिने स्वतःला आंधळी समजत होते?" त्या ओरडल्या. त्यांचे खरे होते. ऐकून घेण्याखेरीज दोघांना काही करता आले नाही.

दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला, 'इथे ज्यांचे डोळे तपासले त्यांनी पुन्हा यावे. चूक आमची आहे.' लोक आले. काहींनी थट्टा केली, काहींनी चष्मा टेबलावर आपटला, काही पुन्हा आलेच नाहीत. अर्ध्या खोलीत आता दुकान आहे. आरशामागची अर्धी खोली, जिच्यासाठी एवढा अट्टाहास केला, ती रिकामी पडून आहे.

मालक मात्र कागद लावला त्याच दिवशी ड्रायव्हरच्या घरी गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"घराला कुलूप आहे," ते बाईंना म्हणाले. "काम गेल्यावर बायकामुलांना घेऊन तो शहरात गेला. आपल्याच शहरात. शेजारी म्हणाला, तुम्ही तिकडून इकडे आलात, तो इकडून तिकडे गेला. कुठल्यातरी इमारतीच्या फाटकावर राखणीला बसतो म्हणे. डोळे गेलेल्या माणसाला गाडी कोण देणार, असं स्वतःच सांगत फिरतो."

"फोन करा ना."

"केला. त्याने नंबर बदललाय."

आयुष्यभर लोकांचे नंबर काढणाऱ्या माणसाला हा एक नंबर मिळेना. त्यांनी शाळेत जाऊन चूक कबूल केली. तिथे म्हणाले, आता दुसरा माणूस ठेवला आहे. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली आणि शहरातल्या मेहुणीला फोन करून चौकशी करायला सांगितले. पण फाटकांवर बसणारी माणसे त्या शहरात काय थोडी आहेत? दुपारी दुकान ओस पडले की मालक माझ्याकडे पाहत बसतात. मला त्यांची दया येते, आणि ड्रायव्हरची आठवण आली की येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे तक्ते कायम स्वतःसाठी काही ना काही मागतात. मला पुसा, मला उन्हात ठेवू नका, मला अडगळीत टाकू नका. माझे तसे काही मागणे नाही. नव्या जागी गेलात, तर तिथल्या माणसांना कमी लेखण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते एकदा मोजून पाहा, एवढे सांगतो. आणि आणखी एक काम करा. तुम्ही मोठ्या शहरात राहत असाल, तुमच्या इमारतीच्या फाटकावर नवा माणूस आला असेल, आणि रस्त्याच्या पार त्या टोकाला वळलेली शाळेची गाडी त्याला सगळ्यांच्या आधी दिसत असेल, तर थोडे थांबा. पूर्वी तो काय करायचा, ते त्याला विचारा. तोच निघाला, तर त्याला सांगा की त्याचे डोळे चांगले आहेत. पहिल्यापासूनच चांगले होते.