टाकीचं झाकण

चढाच्या मध्यावर गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी तिला एक सणसणीत शिवी हासडली.

गाडी सिस्टरांची. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या नर्सबाईंनी अर्ध्या गावाला इंजेक्शनं टोचली होती, त्यामुळे अर्धं गाव त्यांना अजून टरकून असे. ही जुनीपुराणी गाडी त्या स्वतः चालवायच्या. मध्यंतरी ती चारदा रस्त्यात बंद पडली. दरवेळी मिस्त्रींनी फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलचा पंपसुद्धा नवा घातला आणि चौकापर्यंत पाच मिनिटांची फेरी मारून पाहिली. गाडी शहाण्या लेकरासारखी चाले. चौथ्या वेळी मिस्त्रींचं डोकं फिरलं. सिस्टरांच्या मुलासमोरच ते म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे हो. सिस्टरांनीच आता चालवू नये. वय झालं, चोक ओढला की परत आत ढकलायला विसरतात, मग इंजिन बंद पडतं."

सिस्टरांनी पर्समधली किल्ली मुलाच्या हातात दिली. त्याला आठ महिने झाले. आज मुलाने विकायला काढलेली ती गाडी एका गिऱ्हाइकाला दाखवायला मिस्त्री शेजारच्या गावी निघाले होते, आणि पहिल्यांदाच ती वीस मिनिटं सलग चालवत होते.

त्यांनी बॉनेट उघडलं. फिल्टर कोरडा. पंप नवा, टाकीत पेट्रोल भरपूर. म्हणजे पेट्रोल टाकीतून निघतच नव्हतं. त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं, तशी टाकीने फुस्स करून हवा आत ओढली.

मिस्त्रींनी झाकण डोळ्यांसमोर धरलं. जेवढं पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यावी लागते. या गाडीत ती झाकणाच्या बारीक भोकातून येते. या झाकणाला भोकच नव्हतं. पाच मिनिटांच्या फेरीत काही जाणवत नसे, पण वीस मिनिटांनी टाकी पेट्रोल सोडेनाशी होई. जुनं झिजलं म्हणून दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच गाडीचं हे चकचकीत झाकण त्यांनीच बसवलं होतं. बसतंय ना, मग झालं!

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तर स्वतः फाशी द्यायला उभा होता. भोक पाडून गप्प बसावं, गाडी विकून मोकळं व्हावं, असंही त्यांच्या मनात आलं. त्या विचाराचीच त्यांना जास्त लाज वाटली. झाकण सैल ठेवून त्यांनी गाडी माघारी वळवली.

सिस्टर जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर सून त्यांच्या गोळ्या डबीच्या खणांत मोजून भरत होती.

"आईंचा हल्ली घोटाळा होतो," सून म्हणाली. "गॅससुद्धा मी त्यांना लावू देत नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही सांगितलंत ना, त्यानंतरच आमच्या लक्षात यायला लागलं."

मिस्त्रींनी टाकीवरून काढून आणलेलं झाकण टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, काहीही राखून न ठेवता. सिस्टरांनी चष्मा लावला, झाकण उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे मी चोक विसरत नव्हते?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, सिस्टर. चूक माझी होती. मला माफ करा."

"अहो, अंथरुणावर पडलं की मी रोज आठवत बसायचे," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "चोक आत ढकलला होता की नव्हता."

सुनेचे हात डबीवरच थांबले.

"चला," मिस्त्री झाकण उचलून घाईने उठले. "चढावर जाऊन येऊ. तुम्ही चालवायची, मी बाजूला बसतो. बघा कशी पळते ते!"

सिस्टरांनी केस नीट केले, चपला घातल्या. मिस्त्रींनी स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडून धरलं. त्या दाराशी आल्या, वाकून स्टिअरिंगवर हात ठेवला. मग गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली.

"तुम्हीच चालवा, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "मला आता खात्री वाटत नाही."