चिकूच्या सालीवरचा लेप

श्रुतिकाच्या पाच वर्षांच्या मेहनतीवर पेटंट कार्यालयाने सहा पानांत पाणी फिरवलं. चिकू आठवडाभर जास्त टिकावा म्हणून मुंबईच्या प्रयोगशाळेत तिने सालीवर लावायचा लेप तयार केला होता. हाच लेप अठरा वर्षांपूर्वीच्या एका जपानी अर्जात आहे, असं तपासनिसाने परिच्छेदासकट दाखवून दिलं.

सगळे हळहळले. प्रयोगशाळेतल्या सरांनी तर रजाच घ्यायला सांगितलं. श्रुतिका मात्र तो अहवाल पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तिच्या दाव्याचा शब्द न् शब्द सुटा करून तपासनिसाने समोर जुना पुरावा मांडला होता. किती स्वच्छ काम! वाईट वाटायच्या जागी तिला चक्क हेवा वाटला. हे आपल्याला करायचंय, असं प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल तिला कधी वाटलंच नव्हतं.

तिने पेटंट एजंटच्या परीक्षेचा अर्ज भरला. आता प्रश्न बाबांचा होता. एकनाथराव डहाणूचे निवृत्त असिस्टंट स्टेशन मास्तर. मुलगी शास्त्रज्ञ आहे हे त्यांनी भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं.

रविवारी दुपारी घरी जेवताना तिने एका दमात सांगून टाकलं, "बाबा, मी प्रयोगशाळा सोडतेय."

"त्या जपान्यामुळे?"

"त्याने तर सुटका केली माझी. कुणी काही नवं केलं की ते खरंच नवं आहे का, हे मी शोधणार. असेल तर कायद्याच्या भाषेत मांडणार."

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर घ्यायची, तसं?"

"अगदी तसं!"

"मग जबाबदारीचं काम आहे," म्हणत त्यांनी आमटी मागितली.

आमटी वाढता वाढता आई, वसुमती, म्हणाली, "मला दिवाळीतच कळलं होतं. प्रयोगाचं विचारलं की ही ताटातला भात चिवडत बसायची."

श्रुतिकाला हसू आवरेना. किती महिने ती या दुपारला घाबरत होती!

पुढच्या वर्षी ती परीक्षा पास झाली. तिच्याकडे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक होतं डहाणूजवळच्या झाई गावातल्या रोशनचं. त्याने मासळी सुकवायची घडीची चौकट बनवली होती. चार दिवस शोधून तिने त्याला फोन केला. "रोशन, अशी घडीची चौकट आधीच आहे."

पलीकडून बारीक आवाज आला, "म्हणजे माझं काहीच नवीन नाही, ताई?"

"आहे ना! पाणी निथळायला तू जी उतरती पन्हळ दिलीस, ती मला कुठेच सापडली नाही. अर्ज तेवढ्यावरच करू. बाकीच्यात तुझी वर्षं जायला नकोत."

"आई गं, पन्हळ चालली!" रोशन फोन तसाच धरून घरात ओरडला. श्रुतिकाने हसत फोन कानापासून जरा लांब धरला आणि दुसऱ्या हाताने कोरा कागद पुढे ओढला.