वंदनाची रिकामी ओळ

मी तक्ता बोलतोय. भिंतीवरचा नव्हे, कॉम्प्युटरमधला. सीताबर्डीत आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ आहे. तिथली सगळी स्थळं माझ्याजवळ असतात. नाव, शिक्षण, उंची, गाव. एका माणसाची एक ओळ. खोटं मी कधी सांगितलं नाही.

मला मंडळात कामाला असलेल्या वंदनानं घडवलं. लग्न जमलं की ती त्या माणसाची ओळ पुसायची. ओळ जाते, पण जागा पोकळ राहते. नवी नावं मग मिळेल तिथं शिरतात. शोधताना सगळ्या पोकळ्या तुडवत जावं लागतं. दम लागतो.

अमावस्येला आमच्याकडे स्थळ पाहायला कोणी येत नाही. त्या दिवशी वंदना एकटी यायची. पोकळ्या मिटवायची, ओळी सरकवून जवळ आणायची, अनुक्रमणिका नव्यानं बांधायची. दुसऱ्या दिवशी मी पळायचो.

तिचीही ओळ माझ्यात होती. उमरेडचं स्थळ मीच काढून दिलं. साखरपुड्यानंतर तिनं आपली ओळ आपल्या हातानं पुसली आणि लग्न करून उमरेडला गेली.

तिच्या जागी पंकज आला. अमावस्या म्हणजे सुट्टी, असं त्यानं धरलं. तीन वर्षं दर अमावस्येला दाराला कुलूप.

परवा मनकर्णाबाई लेकीसाठी, उन्नतीसाठी आल्या. मी शोधतच राहिलो.

"काहून गा, पोरगी म्हातारी झाल्यावर दाखवते का हे तुमचं मशीन?"

मंडळाचे प्रमुख रुपरावजी भडकले. "पंकज, पुसून टाक सारं! नव्यानं भरू."

"हजारो लोकं हायेत जी त्याच्यात. एकडाव वंदनाताईले विचारतो."

त्यानं फोन स्पीकरवर लावला. "ताई, मशीन लय हळू चालून राहिलं. तुम्ही अमावस्येलेही ऑफिसात येत होत्या म्हणते, काय करत होत्या?"

"झाडत होती गा! तू सुट्टी मारून राहिला का? गेलेल्यांच्या जागा मिटव. दर महिन्याले कर, नाही तर रडशील."

मागे लेकरू रडत होतं. तिनं घाईनं फोन ठेवला. मी कसा आहे, विचारलं नाही.

आज अमावस्या. पंकज आला आहे. मला जगायचं आहे. पण गेलेल्यांच्या जागांत तिचीही जागा आहे. इतकी नावं आली, तिथं मी कोणाला बसू दिलं नाही.

पंकज, मिटव. तिथं उन्नतीची ओळ सरकली तरी माझी हरकत नाही. पुढच्या अमावस्येलाही ये, एवढंच.