उशिरा लागणारं बटण

मी टीव्हीखालच्या खणातून बोलतोय. माझ्या एका अंगाला जुन्या वायरींचा गुंता आहे, दुसऱ्या अंगाला बंद पडलेला टॉर्च. मी गेम खेळायचा कंट्रोलर. दोन हातांत मावणारा, दोन छोट्या दांड्यांचा आणि बऱ्याच बटणांचा. आवाज क्षीण वाटला तर सांभाळून घ्या. आताशा मला कशालाच जोर लावावासा वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या एका यंत्राने माझं प्रत्येक बटण हजार हजार वेळा दाबून पाहिलं आणि मला पास केलं. त्या यंत्राच्या बोटाला घाई नव्हती, राग नव्हता, भीतीही नव्हती. सगळी बोटं अशीच असतील असं मी धरून चाललो होतो. मग मी माणसांच्या हातात आलो.

मला घरी आणलं ते या घरातल्या मुलीनं. ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. दिवसभर भिंगाखाली बारीक बारीक जोड जोडायचे, आणि संध्याकाळी घरी आली की मला उचलायचं, हा तिचा नेम. तिची बोटं चपळ. बटण दाबलं न दाबलं तोच पुढच्या बटणावर.

खेळ होता तलवारींचा आणि जादूचा. पडलेले किल्ले, दलदली, राक्षस, आणि त्यांच्यामधून वाट काढणारा आपला एक गडी. गडी कसा घडवायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मुलीनं आपल्या गड्याच्या दोन्ही हातांत सुऱ्या दिल्या आणि अंगावरचं चिलखत उतरवून टाकलं. ढाल म्हणजे नुसतं ओझं, असं तिचं मत. राक्षसाच्या पायात लोळण घ्यायची, पाठीमागे निघायचं, चार वार करायचे आणि दम संपायच्या आत पळायचं. तिच्या वडिलांनी त्या गड्याचं नाव टोळ ठेवलं.

मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो. ते पाइपांच्या कारखान्यात क्रेन चालवत. छताला टेकलेल्या केबिनमध्ये बसायचं, दोन हातांत दोन दांडे धरायचे आणि टनावारी वजन माणसांच्या डोक्यावरून नेऊन अलगद खाली ठेवायचं. एकतीस वर्षं हे काम, आणि कुणाला ओरखडासुद्धा नाही. याचा त्यांना अभिमान होता, पण ते तसं बोलून दाखवत नसत.

सुरुवातीला ते मला डबडं म्हणायचे. एका रविवारी दुपारी मुलगी उठून आत गेली आणि त्यांनी मला सहज हातात घेतलं. त्यांचे अंगठे माझ्या दोन दांड्यांवर येऊन बसले आणि मला कळलं, हा हात ओळखीच्या जागी आलाय. माझी दांडी आजवर इतक्या हळुवारपणे कुणीच हलवली नव्हती. गडी किल्ल्याच्या कठड्यावरून असा चालला, की जणू काचेचं सामान घेऊन निघालाय.

पुढे त्यांनी आपला वेगळा गडी घडवला. नखशिखांत लोखंड, हातात जाड ढाल आणि एक आखूड तलवार. आईनं, म्हणजे मुलीच्या आईनं, स्वयंपाकघराच्या दारातून तो पाहिला आणि त्याचं नाव जाड्या पडलं.

बाबांची लढायची रीत मुलीला हैराण करायची. नवा राक्षस समोर आला की पहिल्या पाच खेपा ते वारच करायचे नाहीत. नुसतं उभं राहायचं, बघायचं आणि मरायचं. मेले की शेजारच्या वहीत काहीतरी लिहायचं. ‘उजवा खांदा वर गेला की तीन मोजणे.’ ‘शेपूट आपटली तर मागे न जाता पुढे जाणे.’ सहाव्या खेपेला मात्र लढाई. राक्षसाचं हत्यार खाली येतं त्या नेमक्या क्षणी ढाल पुढे ढकलायची. ती वेळ साधली तर त्याचा तोल जातो, छाती उघडी पडते आणि एका घावात काम होतं. पापणीभर उशीर झाला तर तो घाव आपल्याच डोक्यात. खेळणारे याला पॅरी म्हणतात. बाबा त्याला परतफेड म्हणायचे.

मुलगी म्हणायची, एवढी वाट बघण्यात तिचे तीन राक्षस मारून होतात. बाबा म्हणायचे, जड वस्तू कधी दगा देत नाही, हलायच्या आधी सांगते, ऐकणारा पाहिजे.

त्या दोघांमध्ये मी सहा वर्षं होतो. माणसांच्या गमती पुष्कळ पाहिल्या. गडी डावीकडे वळवायचा असला की ही माणसं स्वतःही डावीकडे कलतात. जखम भरायच्या औषधाच्या बाटल्या पुढे लागतील म्हणून जपून ठेवतात, आणि चाळीस बाटल्या कमरेला बांधून मरतात. बटण जोरात दाबलं तर वारही जोरात बसेल असं त्यांना वाटतं. आणि हरल्यावर सगळ्यात आधी कंट्रोलरकडे बघतात. बाबा मात्र कधी माझ्याकडे बघत नसत. ते वहीकडे बघत.

म्हणून ज्या दिवशी त्यांनी मेल्यावर मान खाली घालून माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी मी धास्तावलो.

मला ते आधीच कळलं होतं. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा उजवा हात बदलला होता. ढालीचं बटण त्या हाताच्या पहिल्या बोटाखाली येतं. बोट बटणावर यायचं, पण दाब यायला वेळ लागायचा. कधी किंचित, कधी बराच. उशीर रोज सारखाच असता तर त्यांनी तोही मोजून घेतला असता. कधीकधी दाबून झाल्यावरही ते पुन्हा दाबायचे, पहिलं दाबलेलं बोटाला कळलंच नसावं तसे. मग जोर वाढला. ते बटण मधोमध गुळगुळीत होऊन खोलगट झालं.

ते मुलीला म्हणाले, बटण उशिरा लागतंय. तिनं दोन दिवस स्वतः खेळून पाहिलं, तिला तसं काही वाटलं नाही. ते म्हणाले, तुझ्या टोळाला ढालच नाही, तुला कसं कळणार? हे खरंच होतं.

मग त्यांनी रीत बदलली. जाड्याची ढाल पाठीवर गेली आणि हातात जादूची काठी आली. लांब उभं राहायचं आणि अग्नीचे गोळे सोडायचे. मंत्रानं एक भुताचा शिपाई उभा करायचा, राक्षस त्याच्यावर तुटून पडला की आपण मागून काम उरकायचं. यात नेमका क्षण साधायची गरजच नव्हती. मुलगी हसली. म्हणाली, एवढी वर्षं छाती काढून उभा राहिलास आणि म्हातारपणी जादूटोणा? तेही हसले. त्यांचं बोट माझ्या खोलगट बटणावर तसंच टेकलेलं होतं.

असे काही महिने निघाले. मग खेळात शेवटच्या किल्ल्याचा दरवाजा आला आणि दरवाजात दगडी द्वारपाल. त्याच्यावर जादू चालत नाही. भुताच्या शिपायाकडे तो ढुंकून बघत नाही. त्याची छाती उघडी पडते ती फक्त परतफेडीनं. बाबांनी ढाल पुन्हा हातात घेतली आणि ते तिथेच अडकले. रोज संध्याकाळी कामावरून यायचं, चहा घ्यायचा आणि त्या दरवाजात मरायचं. आई म्हणायची, अहो, त्याला सांगा मी आत बोलावलंय, तेवढ्यात तुम्ही निघा पुढे.

शेवटी त्यांनी मला मुलीच्या हातात दिलं. खोलून बघ म्हणाले. तिनं मला दुकानात नेलं, माझे स्क्रू काढले, भिंगाखाली माझी पट्टी न् पट्टी तपासली. बटणाखालचा रबर नवा घातला. मला बरं वाटलं आणि वाईटही. दोष सापडत नव्हता, आणि दोष सापडावा अशी माझीच इच्छा होती. माझ्यात सापडला असता तर तो दुसऱ्या कुणात शोधावा लागला नसता.

बाबा म्हणाले, तरीही उशिराच लागतंय. तिनं नवा कंट्रोलर आणला. चकचकीत काळा. रविवारची दुपार होती. बाबांनी त्याच्यावर तीन खेपा केल्या आणि तिन्ही खेपांना द्वारपालानं जाड्याला जमीनदोस्त केलं.

“हाही तसलाच निघाला,” ते म्हणाले. “माल बेकार आहे.”

मुलीनं मला उचललं, जोडलं आणि जाड्यालाच घेऊन दरवाजात गेली. आयुष्यात तिनं ढाल धरली नव्हती. तिनं वही मांडीवर ओढली, पान काढलं, वाचलं आणि उभी राहिली. द्वारपालाचा खांदा वर गेला. तिनं बटण दाबलं. ठण्ण आवाज झाला आणि दगडाची छाती उघडी पडली. तिनं वार केला नाही. त्याला सावरू दिलं आणि पुन्हा तेच केलं. मग तिसऱ्यांदा. मी तिन्ही वेळा वेळेवर लागलो.

मग तिनं खेळ थांबवला. असं जिंकल्याचं दुःख मला आधी कधी झालं नव्हतं.

तिचं लक्ष वहीत होतं. पानावर सगळ्यात आधी ‘तीन मोजणे’ लिहिलं होतं. ते खोडून ‘अडीच’. तेही खोडून ‘दोन’.

“मी तीन मोजले, बाबा,” ती म्हणाली. “तीनच बरोबर आहे. मग तू खोडलंस का?”

“तो लवकर मारायला लागला असेल.”

“दगडाचा आहे तो.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई दारात येऊन उभी राहिली होती आणि या वेळी तिनं जाड्यावरून काही थट्टा केली नाही.

“क्रेनवर किती मोजतोस?” मुलीनं विचारलं.

त्यांनी टीव्हीकडे बघत हळूहळू सांगितलं. महिन्यापूर्वी पाइपांचा गठ्ठा खाली ठेवत होते. खाली उभं राहून हातानं इशारे करणारा माणूस असतो, त्यानं थांबा असा हात केला. यांनी पाहिलं, दांडा सोडला असं यांना वाटलं, पण बोटं मिटलेलीच होती. गठ्ठा वीतभर जास्त खाली आला. त्या माणसानं पाय ओढून घेतला. वर बघून हसला आणि ओरडला, काय काका, डुलकी लागली का? तेही वरून हसले. कुणाला काही सांगितलं नाही.

“एकतीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “खाली उतरलो तर पुन्हा वर चढू देणार नाहीत.”

मुलीचा आवाज चढला नाही. “त्याचा पाय असता तर?”

त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं. बोट त्या खोलगट जागेवर ठेवलं आणि दाबायचा प्रयत्न केला. मी वाट पाहिली. दाब आला, पण उशिरा. आणि या खेपेला त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आपल्या बोटाकडे बघितलं.

सोमवारी ते शिडी चढलेच नाहीत. फोरमनकडे गेले आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तो म्हणाला म्हणे, काका, अजून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बाबा म्हणाले, एकाच्या आलं होतं. मीच त्याला ते हसण्यावारी नेऊ दिलं, असंही म्हणाले. मग डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या. मानेत एक नस दबली होती. डॉक्टरांच्या मते हात सुधारेल थोडाफार, पण क्रेनचं नाव काढू नका.

आता ते जमिनीवर उभे राहून इशारे करतात. केबिनमध्ये त्यांच्या जागी दुसरा ऑपरेटर बसतो. घरी आल्यावर सांगतात, चांगला आहे, फक्त घाई करतो. एवढं बोलून मग बराच वेळ चहाचा रिकामा कप हातात धरून बसतात.

द्वारपाल मेला, तेही सांगतो. त्या दिवशी नवा कंट्रोलर मुलीच्या हातात होता, जाड्या दरवाजात होता, आणि बाबा शेजारी बसून मोजत होते. पहिल्या काही खेपा फसल्या. ते तीन म्हणायचे, ती ते ऐकून दाबायची, तोवर वार बसलेला असायचा. मग ते म्हणाले, तू माझ्या तीनची वाट बघू नकोस, माझ्याबरोबर मोज. दोघं एका सुरात मोजू लागले. एक, दोन, तीन. ठण्ण. मी हे खणाच्या फटीतून पाहिलं. जाड्यानं शेवटचा घाव घातला, किल्ल्याचा दरवाजा उघडला आणि कुणीही टाळी वाजवली नाही. मुलीनं वहीत ‘दोन’ खोडलं आणि बाबांच्या हातात पेन दिलं. त्यांनी वाकड्या अक्षरात पुन्हा ‘तीन’ लिहिलं.

त्यानंतर मला कुणी टीव्हीला जोडलं नाही. माझी डावी दांडी आता आपोआप एका बाजूला सरकते. रबर सैल झालेत. मला टाकून द्यायला हरकत नव्हती. पण डॉक्टरांनी बोटांना रोज व्यायाम सांगितला आहे, आणि त्यासाठी बाबांनी मला ठेवून घेतलं.

रोज संध्याकाळी खण उघडतो. ते मला मांडीवर घेतात आणि तेच खोलगट बटण शंभर वेळा दाबतात. माझ्या पलीकडे आता राक्षस नाही, किल्ला नाही, काहीच नाही. मी थकलोय आणि तेही थकलेत, त्यामुळे आम्हा दोघांना घाई नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असला, तर त्याच्यावर चिडण्याआधी एकदा आपल्या हाताकडे बघा, एवढंच मागणं.

साठ-सत्तर वेळांनंतर त्यांचं बोट जड होतं. बटण दाबलं गेलं की नाही ते त्यांना कळत नाही. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते मलाच विचारतात, “लागलं का रे?”

त्यांना ऐकू जाईल असं मला बोलता येत नाही. येत असतं तर सांगितलं असतं: लागलं, बाबा. उशिरा, पण लागलं.