कागदात नसलेली पायरी

बाइंडरकाकांच्या धाकट्या कन्येने दहावीनंतर कॉम्प्युटर सायन्स घेण्याचा निश्चय केला, तेव्हा त्या विषयात नेमके काय शिकवतात याचे कुतूहल कन्येपेक्षा पित्यालाच अधिक वाटू लागले. स्वतः ते आठवीच्या उंबरठ्यावरून माघारी फिरलेले. तथापि तीस वर्षे इतरांची पुस्तके शिवताना, खळ वाळेपर्यंत जे पान समोर येईल ते वाचण्याची त्यांना सवय जडली होती.

शाळेत त्या विषयाच्या खुर्च्या चोवीसच, आणि अर्ज साठाच्या घरात. अकरावी-बारावीला हा विषय नसेल तर पुढे कॉलेजात त्या शाखेचे दार उघडणे दुष्कर. आणि धाकटीला तर तेच काम जन्मभर करायचे होते. निवडीसाठी कॉम्प्युटरच्या बाईंनी एक विलक्षण परीक्षा योजिली होती. घरातले वा दुकानातले एखादे काम मुलांनी पायरी-पायरीने कागदावर लिहायचे. मग घरच्या वडीलधाऱ्या माणसाने शाळेत येऊन, केवळ तो कागद वाचून, ते काम करून दाखवायचे. मुलाने चकार शब्द काढायचा नाही. काम बिनचूक झाले तर प्रवेश. बिघडले तर कागद सुधारण्याची एकच संधी.

"यात कॉम्प्युटर कुठे आला?" बाइंडरकाकांनी जेवताना विचारले.

"बाबा, तुम्हीच कॉम्प्युटर," धाकटी म्हणाली. "मी लिहीन तेवढंच करायचं. डोकं चालवायचं नाही."

"मग जमेल त्यांना," आई म्हणाली. "घरात सराव आहेच."

धाकटीने पक्क्या पुठ्ठ्याची खिशातली वही बांधण्याच्या एकतीस पायऱ्या लिहिल्या. परीक्षेच्या दिवशी बाइंडरकाका सुई, दोरा, खळीचा डबा घेऊन वर्गातल्या लांब टेबलापाशी बसले. एकेक पायरी मोठ्याने वाचावी आणि करावी, असा क्रम चालला. पाने दुमडली, शिवली, पुठ्ठ्यावर कापड चढवले, आणि वही वजनाखाली ठेवली.

"उद्या वाळल्यावर बघू," बाई म्हणाल्या, "पण काका, मला शंका वाटत नाही."

भिंतीशी उभ्या असलेल्या धाकटीचा चेहरा फुलला.

पुढचा क्रमांक एका प्लंबरच्या पुतणीचा. काम होते व्हरांड्यातल्या गळक्या नळाचा वायसर बदलण्याचे. प्लंबरने कागद वाचला, पुतणीकडे एकवार करुणेने पाहिले, आणि पान्याने नळ मोकळा केला. पाण्याची धार थेट छताला लागली. बाई भिजल्या, प्लंबर भिजला, पुतणीच्या तोंडचे पाणी मात्र पळाले.

"अहो, आधी पाणी बंद करायचं नाही का?" कोणीतरी म्हणाले.

"माहीत आहे की," मिशी निथळवत प्लंबर उत्तरला. "बावीस वर्षं तेच करतोय. पण कागदात नव्हतं. मी काय करू?"

सारे हसले. बाइंडरकाकाही हसले, आणि मग त्यांचे लक्ष वजनाखालच्या आपल्या वहीकडे गेले. या गृहस्थाला ठाऊक असूनही त्याने केले नव्हते. आपण मात्र काहीतरी केले होते. पुठ्ठा उचलताच तो दोन्ही हातांत किंचित वाकवून पाहिला होता, आणि आडवा वाटताच फिरवून घेतला होता. पुठ्ठा एका अंगाने सहज वळतो, दुसऱ्या अंगाने अडतो; ते वळण वहीच्या पाठीच्या रेषेत ठेवले नाही, तर वाळल्यावर वही वाकडी होते. यातले एक अक्षरही कागदात नव्हते.

"बाबा, चला ना," धाकटी बाही ओढत म्हणाली.

"एक मिनिट. बाईंना सांगायचं आहे."

त्यांनी हळू आवाजात तिला कारण सांगितले. ती जागीच थबकली. "नका सांगू. वही चांगलीच झालीय. अळीमिळी गुपचिळी."

"पण कागद चांगला झालाय का?"

बाइंडरकाका बाईंपुढे जाऊन उभे राहिले आणि घडलेले सारे निवेदन केले. बाईंनी ओला पदर पिळता पिळता ऐकून घेतले. मग त्या प्लंबरकडे वळल्या. "तुम्ही हाच कागद वाचून वही कराल? तुम्हाला यातलं काही येतं?"

"शाळेत असताना वह्या फाडायचो," प्लंबर म्हणाला. "बांधली कधीच नाही."

दुसऱ्या दिवशी वजने काढली. बाइंडरकाकांची वही सपाट. प्लंबरने केलेली होडीसारखी वर वळलेली. बाईंनी धाकटीच्या कागदावर फुली मारली, आणि फळ्यावर नवा नियम लिहिला: यापुढे कागद घरच्या माणसाने नव्हे, परक्याने वाचावा.

घरी येऊन धाकटीने दप्तर कोपऱ्यात टाकले. "हात दाखवून अवलक्षण," एवढेच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती दुकानात स्टूल ओढून पित्यासमोर बसली, डोळ्यांत तेल घालून.

"थांबा. आत्ता काय केलंत?"

"काही नाही."

"पुठ्ठा गालाला लावलात."

बाइंडरकाका स्वतःच चकित झाले. "हं. गार लागला तर अजून ओला आहे."

तिने लिहून घेतले. "आणि वजन किती वेळ ठेवायचं?"

"लागेल तेवढा वेळ."

"बाबा, 'लागेल तेवढा' हे कॉम्प्युटरला कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं? हाताला कळतं."

"मग हाताला विचारा," ती म्हणाली, आणि तिचा राग केव्हा मावळला हे दोघांनाही समजले नाही. आता तिला एकच छंद लागला: या माणसाच्या बोटांत न सांगितलेले आणखी काय काय दडले आहे? पुठ्ठ्याच्या वळणाखेरीज चार दिवसांत अशा एकोणीस गोष्टी सापडल्या. त्यांतली एक, म्हणजे सुई ओवण्याआधी दोऱ्याला फुंकर मारणे, बाइंडरकाकांच्या मते निरर्थक होती. तरीही ती वगळायला त्यांचे मन धजेना. धाकटीने वगळली.

दुसऱ्या खेपेस पन्नास पायऱ्यांपैकी एकोणपन्नास प्लंबरने कपाळाला आठ्या घालून पार पाडल्या. शेवटच्या पायरीसाठी त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांसमक्ष वही गालाला लावली.

"दाढी टोचतेय तिला," तो म्हणाला. "पण गार नाही. वाळली."

बाईंनी वही टेबलावर ठेवून चारही कोपरे बोटाने दाबले. एकही कोपरा उचललेला नव्हता. त्यांनी यादी पुढे ओढली. तेविसावी ओळ मोकळी होती.

"बाई," धाकटी मध्येच म्हणाली, "काकांनी कागदात नसलेलं काही केलं नसेल ना?"

बाइंडरकाकांनी डोळे मिटले. बाईंनी पेन थांबवून प्लंबरकडे पाहिले.

"केलं," प्लंबर गंभीरपणे म्हणाला. "सदतिसाव्या पायरीला शिंकलो."

"ते चालेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिचे नाव लिहिले.